फाइल उघडी असतानाच तिचं नाव बदलायचं असेल तर

सप्टेंबर लागला की दादर-गिरगावातल्या दिवाळी अंकांच्या टेबलांवर फाइलींचा पूर येतो. कथा एका नावाने येते, तपासता तपासता तिचं शीर्षक बदलतं, आणि जिच्या स्क्रीनवर ती उघडी आहे तिला वाटतं, आता फाइलचंही नाव बदलून टाकू. चार पानं तपासून झालेली असतात, पाचव्यावर कर्सर लुकलुकत असतो. ती फोल्डरमध्ये जाते, नाव बदलते आणि परत येऊन तपासत बसते. संध्याकाळी डीटीपीवाल्याचा फोन येतो: "ताई, तुम्ही पाठवलेल्या फाइलीत शेवटच्या दुरुस्त्याच नाहीयेत." दुरुस्त्या केलेल्या असतात, पण त्या दुसऱ्याच फाइलीत जाऊन बसलेल्या असतात.

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणारे सेक्रेटरी, वेबसाइटचा कोड लिहिणारी मुलगी, परीक्षेच्या नोट्स काढणारा विद्यार्थी, सगळ्यांची हीच गत होते. काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण प्रत्येक एडिटरमध्ये (म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये) त्याची रीत वेगळी. म्हणून आधी आत काय घडतं ते थोडक्यात पाहू आणि मग एकेक एडिटर घेऊ. (आज्ञा आणि कळांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायची.)

नाव नेमकं कुठे असतं

साधा टेक्स्ट एडिटर फाइल उघडतो म्हणजे काय करतो, तर सगळा मजकूर वाचून स्वतःच्या मेमरीत घेतो आणि डिस्कवरची फाइल सोडून देतो. त्याच्या लक्षात राहतो तो फक्त पत्ता: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, हे नाव. तुम्ही कंट्रोल-एस दाबलं की मेमरीतला मजकूर त्या पत्त्यावर लिहिला जातो. मधल्या वेळात कुणी बाहेरून नाव बदललं असेल तर एडिटरला ते आपोआप कळतंच असं नाही. काही एडिटर फोल्डरवर डोळा ठेवून असतात, काही नाही.

लिनक्स आणि मॅकवर तर नाव हा फाइलीचा भागच नसतो. नाव ही फोल्डरमधली एक नोंद असते आणि ती नोंद आयनोड नावाच्या आकड्याकडे बोट दाखवते. सोसायटीच्या तळमजल्यावर भाडेकरूंच्या नावांचा फळा असतो, तसंच हे. फळ्यावरचं नाव पुसून दुसरं लिहिलं म्हणून खोलीतली माणसं उठून कुठे जात नाहीत. म्हणूनच लिनक्सवर लॉग फाइलचं नाव मध्येच बदललं तरी ती धरून बसलेला प्रोग्राम त्याच फाइलीत बिनबोभाट लिहीत राहतो. पण टेक्स्ट एडिटर फाइल धरून बसत नाही. तो पुढच्या वेळी फळा वाचूनच दार ठोठावतो, आणि फळ्यावर जुनं नाव सापडलं नाही तर त्या नावाची नवी खोलीच बांधतो.

विंडोजवर आणखी एक गोष्ट आहे. प्रोग्राम फाइल उघडताना इतरांना तिला हात लावू द्यायचा की नाही हे ठरवू शकतो. वर्ड फाइल धरून ठेवतो, त्यामुळे ती उघडी असताना एक्सप्लोररमध्ये नाव बदलायला गेलात की 'फाइल वर्डमध्ये उघडी आहे' असं सांगून विंडोज नकार देतं. लोक यावर वैतागतात. मला ही अडवणूक आवडते. नोटपॅड अडवत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

पटत नसेल तर स्वतः करून पाहा, दोन मिनिटांचा खेळ आहे. नोटपॅडमध्ये 'चाचणी' नावाची फाइल करा, आत 'एक' लिहा, सेव्ह करा. नोटपॅड तसंच उघडं ठेवून एक्सप्लोररमध्ये त्या फाइलीचं नाव 'चाचणी-नवी' करा. परत नोटपॅडमध्ये या, खालच्या ओळीत 'दोन' लिहा आणि कंट्रोल-एस दाबा. आता फोल्डर पाहा. जुन्या वळणाच्या नोटपॅडमध्ये तिथे दोन फाइली दिसतील. 'चाचणी-नवी'मध्ये फक्त 'एक' असेल, आणि पुन्हा जन्मलेल्या 'चाचणी'त 'एक' आणि 'दोन' दोन्ही असतील. नवं नाव जुन्या मजकुराला चिकटलं आणि नवा मजकूर जुन्या नावाखाली गेला. डीटीपीवाल्याकडे साहजिकच नव्या नावाची फाइल जाते.

कुठल्याही एडिटरला चालणारी रीत

समोरचा एडिटर ओळखीचा नसेल, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसला असाल, किंवा घाई असेल, तर फार विचार न करता हे करा:

१. कंट्रोल-एस (मॅकवर कमांड-एस) दाबून सेव्ह करा. शीर्षकापुढची चांदणी किंवा टॅबवरचा ठिपका गेला का ते बघा. तो गेला नसेल तर पुढे जाऊ नका.

२. ती फाइल एडिटरमध्ये बंद करा.

३. फोल्डरमध्ये जाऊन नाव बदला.

४. नव्या नावावर दोनदा क्लिक करून फाइल परत उघडा आणि शेवटची ओळ जागेवर आहे ना ते वाचा.

यात कधीच दगाफटका होत नाही. तोटा एकच: फाइल बंद केली की बहुतेक एडिटरांत अनडूचा इतिहास जातो. तासभर काटछाट करून झाल्यावर 'मघाचा परिच्छेदच बरा होता' असं वाटलं तर मागे जाता येत नाही. तुम्ही त्या अवस्थेत असाल तर बंद करू नका, सेव्ह ॲज वापरा. पण एक ध्यानात ठेवा, सेव्ह ॲज नाव बदलत नाही, प्रत काढतो. नव्या नावाची फाइल तयार होते, एडिटर तिच्यावर जातो, आणि जुनी फाइल जिथल्या तिथे राहते. ती हाताने काढून टाकणं हा कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तोच सगळे विसरतात. 'कथा', 'कथा-सुधारित', 'कथा-अंतिम', 'कथा-अंतिम-खरंच' ही वंशावळ अशीच वाढते.

नोटपॅड

नोटपॅडमध्ये नाव बदलण्याची वेगळी सोय नाही, तेव्हा वरची रीत वापरा. विंडोज ११ च्या टॅबवाल्या नोटपॅडमध्ये मात्र नुसती खिडकी बंद करून भागत नाही. ते उघडे टॅब लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तसेच समोर मांडतं, जुन्या पत्त्यासकट. म्हणून तो टॅबच बंद करा.

एक्सप्लोररमध्ये फाइल निवडून एफ२ दाबलं की फक्त नावाचा भाग निवडला जातो, एक्स्टेन्शनला (टिंबानंतरच्या, फाइलीचा प्रकार सांगणाऱ्या शेपटीला) धक्का लागत नाही. टाइप करा, एंटर दाबा. पाठोपाठच्या बऱ्याच फाइलींची नावं बदलायची असतील तर एंटरऐवजी टॅब दाबा, पुढची फाइल आपोआप नाव बदलायला तयार होते. दिवाळी अंकाचे वीस-पंचवीस लेख क्रमाने लावताना याचा फार उपयोग होतो. चुकलं तर तिथेच कंट्रोल-झेड, जुनं नाव परत येतं.

सेव्ह ॲजच्या वाटेने जाणार असाल (कंट्रोल-शिफ्ट-एस) तर खिडकीच्या तळाशी एन्कोडिंगचा (अक्षरं कुठल्या सांकेतिक पद्धतीने साठवायची त्याचा) रकाना बघायला विसरू नका. मराठी मजकुरासाठी तिथे यूटीएफ-८ हवं. २०१९ मधल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नव्या फाइलींना ते मुळातच लागू असतं, पण आधीपासून एएनएसआय (देवनागरी न मावणारी जुनी पद्धत) असलेली जुनी फाइल उघडून तिच्यात मराठी लिहिलंत तर सेव्ह करताना इशारा येतो. त्याकडे दुर्लक्ष करून 'हो' म्हटलंत की सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. ती परत अक्षरं होत नाहीत.

आणि एक्स्टेन्शन. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बदलताना तुम्ही हौसेने शेवटी '.टीएक्सटी' जोडलंत तर फाइलचं खरं नाव 'ठराव.टीएक्सटी.टीएक्सटी' होतं आणि तुम्हाला दिसत राहतं 'ठराव.टीएक्सटी'. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत, मग शोमध्ये जाऊन फाइलनेम एक्स्टेन्शन्सवर एकदाच खूण करून ठेवा. आणि एक्स्टेन्शन बदलल्याने फाइलीचा प्रकार बदलत नाही. वर्डच्या फाइलीला टीएक्सटी म्हटलं तर ती साधी टेक्स्ट फाइल होत नाही, नोटपॅडमध्ये नुसता कचरा दिसतो.

नोटपॅड प्लस प्लस

विंडोजवर रोज मजकुराचं काम करणाऱ्याने साधं नोटपॅड सोडून हे घ्यावं, असं मी कुणालाही सांगते, आणि त्यातलं एक कारण हेच आहे. यात फाइल मेनूत सरळ 'रिनेम' आहे. टॅबवर राइट क्लिक केलं तरी सापडतं. नवं नाव लिहा, ओके म्हणा. डिस्कवरची फाइल आणि टॅब दोन्हींचं नाव एकदम बदलतं, फाइल उघडीच राहते, कर्सर हलत नाही. अजून एकदाही सेव्ह न केलेल्या 'न्यू १' अशा टॅबवर हीच आज्ञा दिलीत तर फक्त टॅबचं नाव बदलतं, डिस्कवर काही जात नाही. ते नाव बघून 'सेव्ह झालं' असं समजू नका.

बाहेरून कुणी नाव बदललं तर नोटपॅड प्लस प्लस विचारतं: ही फाइल आता सापडत नाही, एडिटरमध्ये ठेवायची का? घाबरू नका, 'येस' म्हणा. मजकूर स्क्रीनवर राहतो. मग सेव्ह ॲज करून नवं नाव निवडा आणि ते नाव असलेल्या फाइलीवर लिहा. 'नो' म्हटलंत तर टॅब बंद होतो आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

व्हीएस कोड

कोड लिहिणाऱ्यांत सध्या हाच सर्वाधिक दिसतो. यातली खुबी आणि अडचण, दोन्ही एफ२ या एकाच कळीत आहेत. कर्सर मजकुरात असताना एफ२ दाबलं तर फाइलचं नाही, कर्सरखालच्या व्हेरिएबलचं किंवा फंक्शनचं नाव बदलायची चौकट उघडते. घाईत तिथे फाइलचं नाव टाइप करून एंटर मारला की कोडभर त्या फंक्शनचं नाव बदलतं. तेव्हा क्रम असा:

१. सेव्ह करा.

२. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून डावीकडच्या फाइलींच्या यादीत जा. उघडी फाइल तिथे उठून दिसत असते.

३. आता एफ२ (मॅकवर एंटर).

४. नाव लिहा, एंटर.

टॅबचं शीर्षक लगेच बदलतं आणि उघडी फाइल नव्या नावाने चालू राहते. जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टची फाइल असेल तर व्हीएस कोड विचारतो, दुसऱ्या फाइलींतले इम्पोर्ट बदलू का? बहुतेक वेळा हो म्हणायचं, पण नंतर बदललेल्या फाइलींची यादी एकदा डोळ्यांखालून घाला, कारण त्या फाइली उघडलेल्या आणि सेव्ह न केलेल्या अवस्थेत राहू शकतात. मार्कडाऊनमधल्या (साध्या मजकुरात खुणा घालून शीर्षकं, लिंका लिहायच्या पद्धतीतल्या) लिंकांसाठीही अशी सोय आहे, पण ती मुळात बंद असते. सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. मराठी लेखांचा संग्रह मार्कडाऊनमध्ये ठेवणाऱ्यांनी ती जरूर चालू करावी.

बाहेरून नाव बदललं तर टॅबवरचं नाव मधोमध रेघ मारलेलं दिसतं. याचा अर्थ, व्हीएस कोडच्या लेखी ती फाइल आता डिस्कवर नाही. त्या टॅबमध्ये कंट्रोल-एस दाबलंत की जुन्या नावाची फाइल परत तयार होईल. तसं करण्याऐवजी टॅबमधला मजकूर नव्या नावाच्या फाइलीशी ताडून पाहा आणि मग तो टॅब बंद करा.

वर्ड, गूगल डॉक्स आणि मॅक

ही थोडक्यात. वर्डची फाइल तुमच्याच डिस्कवर असेल तर बंद करून नाव बदला किंवा सेव्ह ॲज करून जुनी काढा. वनड्राइव्हवर असेल तर नव्या वर्डमध्ये वरच्या पट्टीतल्या नावावर क्लिक करून ते तिथेच बदलता येतं. फोल्डरमध्ये '~$' ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल दिसली तर तिचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. फाइल कोणी उघडली आहे याची ती वर्डची खूण असते, वर्ड बंद केलं की जाते.

गूगल डॉक्समध्ये डावीकडे वरच्या नावावर क्लिक करा आणि लिहा. लिंक बदलत नाही, कारण गूगल फाइल ओळखतं ते नावाने नव्हे, लिंकमधल्या लांबलचक ओळखक्रमांकाने. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकलेली लिंक चालूच राहते. याच कारणाने ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये 'इतिवृत्त' नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात. हा मात्र वैताग आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल निराळी. ती प्रत असते. इकडे नाव बदललं म्हणून समोरच्याच्या फोनमध्ये काही बदलत नाही. डीटीपीवाल्याला आधी एक प्रत गेली असेल तर नव्या नावासोबत 'जुनी काढून टाका' हे लिहूनच पाठवायचं.

मॅकवर सगळ्यांत सुटसुटीत. टेक्स्टएडिटमध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीतल्या नावावर क्लिक केलं की छोटी चौकट उघडते, तिथेच नाव बदला. फाइल मेनूतही रिनेम आहे. फाइंडरमध्ये जाऊन बदललं तरी टेक्स्टएडिटला ते कळतं आणि शीर्षक आपोआप बदलतं. सेव्ह ॲज मेनूत दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात. मेनू उघडून ऑप्शनची कळ दाबून धरा, डुप्लिकेटच्या जागी ते दिसेल.

विम

ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणलेला हा एडिटर आजही जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असतो किंवा सहज बसवता येतो. यात नावाशी संबंधित तीन आज्ञा आहेत, दिसायला सारख्या, वागायला अगदी वेगळ्या.

':डब्ल्यू नवं-नाव' ही प्रत काढते, पण तुम्ही जुन्याच फाइलीत राहता. पुढच्या दुरुस्त्या जुनीत जातात. सर्वाधिक फसगत इथेच होते.

':फाइल नवं-नाव' फक्त विमच्या मनातलं नाव बदलते. डिस्कवर काहीही होत नाही, पुढच्या ':डब्ल्यू'ला नवी फाइल तयार होते.

':सेव्हॲज नवं-नाव' (एस-ए-व्ही-ई-ए-एस, मध्ये जागा न सोडता) नव्या नावाने लिहिते आणि तुम्हालाही त्या फाइलीवर नेते. आपल्याला हीच हवी. अनडू शाबूत राहतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर विम ई१३ ही चूक दाखवून थांबतो. तो ठणकावून सांगतोय ते ऐका, शेवटी उद्गारचिन्ह लावून रेटू नका.

आता जुनी फाइल उरली. विम आधीच्या फाइलीला '#' या खुणेने ओळखतो. सेव्हॲज केल्यावर ती खूण जुन्या नावाकडे बोट दाखवत असते. म्हणून:

१. कंट्रोल-जी दाबून खाली नवंच नाव दिसतंय याची खात्री करा.

२. ':ईको एक्सपांड('#')' देऊन जुनं नावच येतंय ना ते पाहा.

३. मग ':कॉल डिलीट(एक्सपांड('#'))' द्या.

पुष्कळ ठिकाणी ':!आरएम #' (आरएम ही फाइल पुसण्याची आज्ञा) असा आखूड उपाय दिलेला असतो. नावात मोकळी जागा नसेल तर तो चालतो. असेल तर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्या नावाचे दोन तुकडे करतं आणि भलतीच फाइल उडू शकते. 'सभा इतिवृत्त' अशी नावं देणाऱ्या आपल्यासारख्यांनी लांबच्याच वाटेने जावं. रोजचं काम असेल तर टिम पोप यांचं यूनक हे प्लगइन बसवा. त्यातली ':रिनेम' ही आज्ञा (हिचं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल) सगळं एका दमात करते.

विम उघडा असताना टर्मिनलच्या दुसऱ्या खिडकीत 'एमव्ही' करून नाव बदललंत तर नोटपॅडसारखंच होतं. कधी तो ई२११ म्हणजे 'फाइल आता उपलब्ध नाही' असं सांगतो, पण त्यानंतर ':डब्ल्यू' दिलंत की मुकाट्याने जुन्या नावाची फाइल नव्याने लिहितो.

ईमॅक्सवाल्यांसाठी: कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू हे सेव्ह ॲजच आहे, जुनी फाइल मागे राहते. २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीपासून 'रिनेम-व्हिजिटेड-फाइल' ही खरीखुरी नाव बदलणारी आज्ञा मिळाली. त्याआधीच्या आवृत्तीत डायर्ड (ईमॅक्समधली फाइलींची यादी) उघडून फाइलीवर मोठं 'आर' दाबा, उघड्या बफरचंही नाव बदलतं. नॅनोमध्ये कंट्रोल-ओ दाबून नाव बदललं की तो 'वेगळ्या नावाने सेव्ह करू का' असं विचारतो. तीही प्रतच.

नाव देवनागरीत असेल तर

फाइलींना मराठी नावं द्यावीत की नाही यावर ऑफिसांत वाद होतात. मी देते. पण काही गोष्टी सांभाळून.

लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट्सची. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'मुंबई' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोजताना म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशा पाच खुणा, म्हणजे १५ बाइट्स. 'मुंबईतल्या' ३० बाइट्स खातं. २५५ ला तीनने भागलं की ८५ खुणा उरतात, म्हणजे अशा आठ शब्दांत नाव संपलं. लेखाचं अख्खं शीर्षक फाइलला देण्याची सवय असलेल्यांना विंडोजवर हे जाणवत नाही, कारण तिथे देवनागरीची खूणही एकच एकक मोजली जाते. पेनड्राइव्हवरून लिनक्सच्या कॉम्प्युटरवर किंवा सर्व्हरवर टाकायला गेलं की मग फाइल जात नाही. विंडोजवर वेगळी अडचण: फोल्डरांसकट अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की जुने प्रोग्राम अडखळतात.

मग ऱ्या. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यावर', 'वाऱ्या' यांतला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलं जातं, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. फोनवरच्या कीबोर्डने एक तऱ्हा टाइप केली आणि लॅपटॉपवर दुसरी, तर एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या-मजल्याची-गळती' नावाच्या दोन फाइली दिसू शकतात आणि शोधताना एकच सापडते. त्यामुळे नाव बदलताना हा शब्द नव्याने टाइप करू नका. जुन्या नावातून कॉपी करून पेस्ट करा.

विंडोज काही चिन्हं नावात चालू देत नाही: तिरप्या रेघा, कोलन, चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस (< >) आणि उभी रेघ. आपल्याकडे तारीख १५/०८/२०२५ अशी आणि वेळ ६:३० अशी लिहायची सवय, त्यामुळे सोसायटीच्या फाइलींवर हे हमखास अडतं. २०२५-०८-१५ असं लिहा, म्हणजे अडत नाही आणि यादीही तारखेच्या क्रमाने लागते. आकडे मराठी की इंग्रजी ते एकदा ठरवा आणि तेच ठेवा, मिसळलं की क्रम बिघडू शकतो. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको.

इंग्रजी नावांत आणखी एक पेच येतो, फक्त कॅपिटलचं स्मॉल करायचं असतं तेव्हा. विंडोज आणि मॅक या दोन्हींना ती मुळात एकच नावं वाटतात. देवनागरीत ही भानगडच नाही, हा आपला फायदा.

गिट वापरत असाल तर

गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) नावबदल वेगळा नोंदवत नाही. एक फाइल गेली, एक आली, आणि दोन्हींतला मजकूर निदान ५० टक्के सारखा असला तर 'हा नावबदल असावा' असा अंदाज बांधतो. नाव बदललं आणि त्याच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) अर्धा लेखही बदलला, तर अंदाज चुकतो आणि 'लॉग'ला 'फॉलो' लावूनही जुना इतिहास दिसत नाही. म्हणून आधी 'गिट एमव्ही' करून फक्त नावबदलाचा कमिट करा. मजकुरातल्या दुरुस्त्या पुढच्या कमिटमध्ये.

'गिट स्टेटस'मध्ये मराठी नावाच्या जागी \३४०\२४४ असे आकडे दिसले तर फाइल बिघडलेली नाही. 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केलं की नावं वाचता येतात.

घोळ झालाच असेल तर

दोन फाइली झाल्या आहेत, कुठली खरी ते कळत नाही. सगळ्यांत आधी काहीच पुसू नका आणि एडिटरही बंद करू नका. उघड्या टॅबमध्ये जे दिसतंय ते तिसऱ्याच, स्वच्छ नावाने सेव्ह ॲज करा, 'कथा-सुटका' म्हणा हवं तर. मग बदलाची वेळ पाहून ताजी फाइल कुठली याचा अंदाज घ्या, पण त्यावर विसंबू नका, नुसतं उघडून सेव्ह केलं तरी वेळ बदलते.

व्हीएस कोडमध्ये तिन्ही फाइलींचा फोल्डर उघडा. पहिलीवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट फॉर कंपेअर', दुसरीवर 'कंपेअर विथ सिलेक्टेड'. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी येतात, फरक रंगात दिसतो. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर 'डिफ' आणि दोन नावं दिली तरी पुरतं. काहीच छापून आलं नाही तर दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत. वेगळ्या असतील तर 'सुटका'मध्ये हव्या त्या ओळी गोळा करा, ती सेव्ह करून बंद करा, बाकीच्या दोन फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि मगच 'सुटका'ला खरं नाव द्या. अंक छापून येईपर्यंत तो वेगळा फोल्डर राहू द्यावा.